गावडेसर आणि दुसरे टोक

प्रा. मारुती रवळू गावडे यांना मी प्रथम पाहिले ते महाविद्यालयाच्या गच्चीवर. मराठीची अधिव्याख्याती म्हणून कोल्हापुरात येऊन मला तीन दिवस झाले होते. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पंख्याखालच्या खुर्च्या ज्येष्ठांच्या असत. म्हणून मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन वर गेले. तिथे एक उंच, सावळे गृहस्थ कठड्यावरून पाण्याची बादली दोरीने खाली सोडत होते आणि वर ओढत होते. बादलीत पाणी तेवढेच ठेवून ते दोरीवरच्या गाठी मोजत होते. कुणीतरी काहीतरी बोलायला हवे होते. समोर जोतिबाचा डोंगर दिसत होता. तो किती उंच असेल, असे मी विचारले.

"कुठनं?" ते म्हणाले.

मला तो उद्धटपणा वाटला. ते दोरी धरून उभे राहिले. म्हणाले, "हितनं, पायथ्यापास्नं, का समुद्रापास्नं? उंची एका टोकाची नसती, बाई."

मग त्यांनी बादली कठड्यावर टेकवली, माझे नाव आणि विषय विचारला, आणि हात पुसत खाली गेले. पुढच्या सोमवारी ते मराठी विभागात आले आणि जोतिबाच्या तिन्ही उंच्या लिहिलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला. मी प्रश्न विसरले होते.

त्याला आता वीसहून अधिक वर्षे झाली. सरांनी साठ वर्षे पूर्ण केली. या गौरवग्रंथाच्या संपादक सुमन नाईक यांनी मला सरांच्या भाषेविषयी लिहायला सांगितले आणि शब्दांची मर्यादा घातली. मला मर्यादा आवडते. विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर शब्द काढायला शिकवत आले. या लेखात मात्र मी एकदा काढलेले एक वाक्य परत ठेवणार आहे. त्या वाक्याची चूक आजवर सरांच्या नावावर आहे.

सर चंदगड तालुक्यातले. नदीपासून चढावर घर, खाली भाताची खाचरे, मागे काजूची चारदोन झाडे. वडिलांना वाचता येत नव्हते. मुलाला शिकायला पाठवताना त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरला बजावले होते की ह्याला कोल्हापुरातच उतरवा, मधी कुठं रडला तरी उतरवू नका. सर हे स्वतः सांगतात, आणि आपण निपाणीला रडलो होतो, हेही सांगतात.

एका उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी गेले होते. सरांच्या आई नदीवरून घागर घेऊन चढ चढून आल्या. हे रोजचे अवघड आहे, असे मी म्हटले. त्यांनी घागर उतरवली आणि म्हणाल्या, "आत्ता हाय. पावसात न्हाय. पावसात नदीच वर येती की." पाऊस तिथे असा असतो की नदी खाचरे ओलांडून घराच्या अर्ध्या चढापर्यंत येते. सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "घागर तीच, बाई. चढ कमी झाला. माझं फिजिक्स हितं झालंय."

वर्गात ते हीच गोष्ट सांगत. घागर जड तर काम जास्त. चढ मोठा तर काम जास्त. म्हणून काम म्हणजे वजन आणि चढ यांचा गुणाकार. मग ते फळा पुसत आणि घागरीच्या जागी विजेचा प्रभार लिहीत, चढाच्या जागी विभवांतर, म्हणजे दोन टोकांच्या विजेच्या उंचीतला फरक. एक कूलोम प्रभार एक व्होल्ट विभवांतरातून गेला की एक ज्यूल ऊर्जा. दोन कूलोम तीन व्होल्टमधून गेला की सहा. शाळेत गणिताने मला फार छळले होते. सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकताना मला हे पहिल्याच दिवशी समजले, आणि पुन्हा कधी विसरले नाही. घर कुठे आहे एवढे सांगून काम काढता येत नाही. नदी कुठे आहे तेही सांगावे लागते.

प्रयोगशाळेतली त्यांची एक रीत होती. नव्या विद्यार्थ्याच्या हातात ते व्होल्टमीटर देत आणि त्याला एकच तार जोडलेली असे. समोर बॅटरी. मोज म्हणत. मुलगा ती तार बॅटरीच्या एका टोकाला लावी. काटा हलत नसे. तो तार घासून पाही, बॅटरी बदलून मागे. सर खिडकीशी उभे राहून बाहेर बघत. कधी कधी पाच मिनिटे जात. मग मुलगा म्हणे, सर, अजून एक तार पाहिजे. "आता शिकायला लागलास," असे म्हणून सर खिशातून दुसरी तार काढीत. ती तार सदैव त्यांच्या कोटाच्या खिशात असे. समारंभातही असे.

येत नाही ते येत नाही, असे सांगण्याची त्यांना लाज नव्हती. एका मुलाने विचारलेल्या शंकेचे उत्तर त्यांना सुचले नाही. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात त्या मुलाचे नाव लिहिले, भोवती चौकोन काढला आणि शिपायाला तो कोपरा न पुसण्यास सांगितले. नाव नऊ दिवस तसेच राहिले. इतर प्राध्यापक त्या वर्गात तास घेताना चौकोन सोडून लिहीत. दहाव्या दिवशी सरांनी उत्तर दिले आणि नाव स्वतः पुसले.

मदत करताना ते ती दिसू देत नसत, आणि दिसलीच तर टोमणा मारून झाकत. एका वर्षी माझा पाय मोडला होता. प्लास्टर निघाले तरी जिने चढणे जड जाई, आणि माझे सगळे तास दुसऱ्या मजल्यावर. कामावर रुजू झाले त्या दिवशी वेळापत्रकात माझे तास तळमजल्यावर आलेले होते. योगायोग समजून मी आनंदले. महिन्याने शिपायाकडून कळले की गावडेसर आपले सगळे तास वर घेऊन गेले आहेत आणि रोज उपकरणांची पेटी दोन जिने उचलून नेतात. मी आभार मानायला गेले. सर म्हणाले, "काम दोन गोष्टींवर असतं, बाई. वजन आणि चढ. तुमच्या वजनाचं मला काय करता येत नव्हतं." मी त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते मजेत होते.

आता त्या वाक्याविषयी.

दहावीनंतर दोन वर्षांचा नवा आकृतिबंध आला आणि आमच्याकडे अकरावीचे वर्ग सुरू झाले. विज्ञान इंग्रजीतून होते. शहरातल्या मुलांचे निभत होते. चंदगड, आजरा, राधानगरीकडून आलेली मुले मराठी शाळांतली. ती वहीत इंग्रजी उतरवून घेत आणि ओळीच्या ओळी पाठ करीत. सरांनी प्राचार्यांकडून परवानगी मिळवली आणि या मुलांसाठी रोज सकाळी सात वाजता मराठीतून जादा वर्ग सुरू केला. आमचे भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख विद्वान गृहस्थ होते. त्यांना हे पसंत नव्हते. ते म्हणत, मुलांना पोहायला शिकवायचे तर पाण्यातच ढकलावे लागते. सर म्हणत, ढकला की, पण पाणी किती खोल ते आधी त्यांच्या भाषेत सांगा.

वर्गासाठी सरांनी विद्युत या भागावर एक पुस्तिका लिहिली. भाषा तपासायचे काम माझ्याकडे आले. सरांचे लेखन स्वच्छ होते, पण ते एक गोष्ट तीनदा सांगत. मी त्यातली दोन वेळची वाक्ये काढून टाकी. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. शाहूपुरीतल्या एका छापखान्यात पुस्तिका छापली. मला तिचा अभिमान वाटत होता. तिच्यात एकही फालतू शब्द नव्हता.

त्याच सत्रात सरांचे वडील आजारी पडले. सर महिनाभर चंदगडला राहिले. मुलांनी विद्युतचा भाग पुस्तिका वाचून स्वतःच केला. मग सहामाही परीक्षा झाली. तिच्यात एक गणित होते. तारेचे एक टोक साठ व्होल्ट विभवावर, दुसरे वीस व्होल्टवर. तारेतून पाच कूलोम प्रभार गेला, तर ऊर्जा किती? विभवांतर चाळीस, म्हणून उत्तर दोनशे ज्यूल. इंग्रजी तुकडीतल्या बहुतेकांनी ते लिहिले. सकाळच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने तीनशे लिहिले. साठ गुणिले पाच. वीस व्होल्टकडे कुणी पाहिलेच नव्हते.

विभागप्रमुखांनी पेपर प्राचार्यांसमोर ठेवले. नद्या आणि घागरी शिकवल्या की असे होते, एवढेच ते म्हणाले. प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी सांगितले की आठ दिवसांनी ते स्वतः सकाळच्या वर्गात येऊन बसतील, विभागप्रमुख गणित घालतील, आणि दिवाळीनंतर वर्ग ठेवायचा की नाही ते तिथेच ठरेल.

वर्ग गेला तर काय जाणार, हे आम्हाला माहीत होते. सुमन नाईक त्या वर्गात होती. चंदगड भागातली, शाहूपुरीत मामाकडे राहून शिकणारी. तिचे वडील येऊन सांगून गेले होते की झेपत नसेल तर मे महिन्याची वाट बघायची नाही, एस.टी. रोज आहे. अशी आणखी पाचसहा मुले होती. त्यांना विज्ञान झेपत होते. इंग्रजीतली वाक्ये झेपत नव्हती.

चंदगडहून परत आल्यावर सर पुस्तिका आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर बसले. पुस्तिकेत सोडवून दाखवलेल्या उदाहरणावर त्यांनी बोट ठेवले. तारेच्या एका टोकाचे विभव साठ व्होल्ट आहे, तारेतून पाच कूलोम प्रभार गेला, ऊर्जा तीनशे ज्यूल.

"बाई, हितं मधी एक वाक्य होतं."

होते. 'दुसरे टोक शून्यावर धरले आहे.' ते मी काढले होते. सरांनी कारण विचारले. मी म्हणाले की शून्य म्हणजे काहीच नाही. जे नाही ते सांगायचे कशाला, असे मला वाटले.

सरांनी पुस्तिका मिटली. मग म्हणाले, "शून्य म्हणजे काय न्हाय असं न्हाय, बाई. शून्य म्हणजे जिथनं मोजायचं ती जागा. माझ्या आईची नदी हाय ती."

मला तेव्हा पोरांचे पेपर दिसले. उदाहरणात दुसऱ्या टोकाचे काहीच करायचे नव्हते, म्हणून परीक्षेतही त्यांनी दुसऱ्या टोकाचे काही केले नाही. मी काटछाट करून ठेवलेले उदाहरण त्यांनी नीट वाचले होते. चूक तिथेच होती.

मी उठले आणि प्राचार्यांकडे जाते म्हणाले. सरांनी मला बसायला सांगितले. म्हणाले, "तुम्ही सांगणार, वाक्य मराठीच्या बाईंनी काढलं. ते म्हणणार, बघा, मराठीनंच फिजिक्स बिघडवलं. वर्ग आजच बंद." आणि मी काही बोलण्याआधी पुढे म्हणाले की प्रूफ त्यांनी वाचले होते, एस.टी.त बसून, शेवटची सही त्यांची होती. "मला ते वाक्य पाठ होतं. छापलेलं नव्हतं तरी मी वाचलं. माझी चूक खोटी न्हाय."

त्यांनी त्याच दिवशी प्राचार्यांना लिहून दिले की पुस्तिकेत एक आवश्यक वाक्य राहून गेले आहे, मुलांची चूक त्यामुळे झाली आहे, आणि तिची जबाबदारी त्यांची स्वतःची आहे. त्यात खोटे काही नव्हते. फक्त एक नाव नव्हते.

मला त्यांनी मोकळे सोडले नाही. दुसऱ्या दिवशी शिल्लक प्रती माझ्या टेबलावर आल्या. प्रत्येक प्रतीत ते वाक्य समासात हाताने लिहायचे होते. सर शेजारी बसून शाई वाळवत होते. पन्नासेक प्रती झाल्यावर मी विचारले, एवढ्या प्रती लागणार आहेत का? ते म्हणाले, "न्हाईत. पण तुम्हाला वाक्य पाठ व्हायला पाहिजे."

आठ दिवसांत त्यांनी मुलांना नवे एकही गणित दिले नाही. रविवारी ते वर्गाला आणि मला चालत जोतिबाला घेऊन गेले. पायथ्याशी काहींच्या हातात नारळांची एकेक पिशवी दिली. वर दुकानदाराला ते नारळ पोचवायचे होते, कामही त्याचेच होते. सगळ्यांच्या पिशव्या सारख्या, पण बाकीच्यांना त्यांनी अर्ध्या वाटेवर पिशव्या दिल्या आणि आधीच्यांपैकी काहींच्या तिथे काढून घेतल्या. वर पोचल्यावर विचारले, काम किती झाले? मुले भांडायला लागली. अर्ध्यावरून आलेला म्हणे, मीही वरच आलो. पायथ्यापासून आलेला म्हणे, तू कुठनं आलास ते सांग आधी. सर कट्ट्यावर बसून शेंगदाणे खात ऐकत होते. दुकानदाराने मला विचारले, हे मास्तर पोरांची भांडणं का सोडवत न्हाईत, पावणं?

ठरलेल्या सकाळी प्राचार्य मागच्या बाकावर बसले. मी दाराशी उभी होते. सर खिडकीशी, पाठ वर्गाकडे. विभागप्रमुखांनी फळ्यावर इंग्रजीत गणित लिहिले. नव्वद व्होल्ट विभवाच्या बिंदूपासून चार कूलोम प्रभार निघतो. किती ऊर्जा मिळेल?

वर्गात कुणी पेन उचलले नाही. मी सुमनकडे पाहिले. ती फळ्याकडे बघत होती. एक मिनिट गेले असेल. विभागप्रमुख प्राचार्यांकडे वळले. माझ्या एका वाक्यामुळे ही मुले घरी जाणार, एवढेच मला कळत होते.

सुमन उभी राहिली. "सर, कुठनं ते कळलं. कुठं?"

विभागप्रमुख म्हणाले की ते उघड आहे, झिरो पोटेन्शियल.

"मग लिवा की, सर."

ती हे मोठ्याने बोलली नव्हती, पण तिच्या गावाकडचे बोलणे हळू ऐकू येतच नाही. कुणी हसले नाही. प्राचार्यांनी विभागप्रमुखांना विचारले की मुलगी म्हणते ते बरोबर आहे का. इथे त्या विद्वान माणसाचाही गौरव करायला हवा. ते क्षणभर फळ्यासमोर थांबले. मग त्यांनी खडू उचलला आणि अपुरे वाक्य पुरे केले. तिथून शून्य विभवाच्या बिंदूपर्यंत. मुलांनी तीनशे साठ लिहिले, सगळ्यांनी. विभागप्रमुख जाता जाता सरांना म्हणाले, "गावडे, मीही काढलं होतं ते वाक्य." सरांनी खिडकीतून तोंड वळवले नाही, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

वर्ग राहिला. तो आजही सकाळी सातला भरतो. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ते वाक्य छापलेले आहे आणि प्रस्तावनेत सरांनी पहिल्या आवृत्तीतल्या चुकीची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. ती प्रस्तावना तपासायलाही त्यांनी माझ्याकडेच दिली होती. मी एकही शब्द काढला नाही.

सर आता सेवेतून मोकळे होत आहेत, आणि वर्ग बंद करण्याची भाषा कुणी करीत नाही. म्हणून आज लिहिते. 'दुसरे टोक शून्यावर धरले आहे' हे वाक्य मी काढले होते. संपादकांना, म्हणजे सुमनला, सहामाहीत मिळालेले ते तीनशे ज्यूल माझे आहेत. शब्द जास्त झाले असतील तर तिने बादली काढावी, नारळ काढावेत, माझा पायही काढावा. हा परिच्छेद काढू नये.

सरांना साठ वर्षे झाली. साठ हा आकडा त्यांच्यासमोर ठेवला तर ते विचारतील, कुठनं कुठं? कुठून, ते आम्हाला ठाऊक आहे. चंदगडच्या नदीकाठापासून, घागरीच्या चढावरून, निपाणीत रडून. इथवरच्या चढावर त्यांनी आमच्यापैकी पुष्कळांचे वजन उचलले आहे. पुढची वाट सपाट असो. डोळे, गुडघे आणि चेष्टा शाबूत राहोत, खिशातली तार खिशात राहो, आणि सकाळी सातला एखादा दिवस त्यांनी खिडकीशी येऊन उभे राहावे. त्यांना खूप आयुष्य मिळो. दुसरे टोक कुठे, ते वाक्य मात्र या वेळी मी मुद्दाम लिहीत नाही.